सतरा कलमी बाप

मावशी,

मी ३४ वर्षांचा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला चिंचवडला. बायको एका खासगी बँकेत. तिला सातवा लागलाय. परवाच डोहाळजेवण झालं, पुढच्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी कऱ्हाडला जाईल.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मी त्यांच्याच शाळेत होतो, दोन वर्षं तर त्यांच्याच वर्गात. शाळेत त्यांना गुरुजी म्हणायचं, घरी अण्णा. चुकून शाळेत तोंडातून अण्णा निघालं तर त्याचीही शिक्षा. पोराला झुकतं माप देतो असं गावाने म्हणू नये म्हणून बाकीच्यांना एक छडी तर मला दोन. रात्री आई वळांना हळद-तेल लावायची आणि म्हणायची, ‘तुझ्या भल्यासाठीच करतात रे.’ गावाला गेलं की आजही माणसं थांबवून सांगतात, गुरुजींनी आमचं आयुष्य घडवलं. मी हसून मान हलवतो.

दिवस राहिल्याचं कळलं त्या रात्री मी मोबाइलमध्ये एक यादी केली, ‘मी कसा बाप होणार’. सतरा मुद्दे आहेत. सोबत सगळे पाठवतोय.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. बहिणीचा पाच वर्षांचा मुलगा सुट्टीला आला होता. त्याच्या हातून माझ्या लॅपटॉपवर कोकम सरबत सांडलं. माझा हात वर गेला. मारलं नाही, पण तोंडातून निघालं, ‘अक्कल गहाण ठेवलीय का?’ हे वाक्य अण्णांचं आहे. आवाजसुद्धा त्यांचाच निघाला. भाचा कपाटाला चिकटून उभा राहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे, ती यादी मी बायकोला वाचायला दिली. तिने शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, ‘यात मी कुठंय?’ मला उत्तर सुचलं नाही. तिनेही पुढे विषय काढला नाही.

आई जाऊन तीन वर्षं झाली. अण्णा ७१ वर्षांचे आहेत, गावी एकटेच असतात. आता म्हणतायत, बाळ आलं की मी तुमच्याकडे येऊन राहतो, वळण लावायला घरात कुणीतरी मोठं माणूस हवं. त्यांना नाही म्हणू का? आणि खरं विचारायचं ते हे, की ज्याचा हात पाच वर्षांच्या पोरावर वर जातो त्याने असल्या याद्या कराव्यात तरी का?

ता. क. आमच्या कंपनीत बाप होणाऱ्याला पाच दिवस रजा मिळते. ती बाळंतपणाच्या वेळी कऱ्हाडला घालवायचं ठरवलंय.

– होऊ घातलेला बाबा, चिंचवड

*

अरे,

मावशी म्हणून लिहिलंयस, तेव्हा मी सरळ अरे-तुरेवर येते.

तुझी यादी तीनदा वाचली. आमच्या पिढीला इंदिरा गांधींचा १९७५ सालचा वीस कलमी कार्यक्रम चांगला आठवतो, भिंतीभिंतीवर रंगवलेला असायचा. तुझी तीन कलमं कमी पडली, पण आवेश तोच आहे. रागावू नकोस. चेष्टा करायला मन होतं कारण मी स्वतः अशी यादी केली होती. तेव्हा मोबाइल नव्हते, म्हणून दिनदर्शिकेच्या पाठीमागे.

सगळी सतरा इथे छापत नाही, वाचकांना कल्पना येण्यापुरती चार-पाच देते. पहिलं, ‘हात उगारणार नाही’. चौथं, ‘मार्कांवरून कुणाशी तुलना करणार नाही’. सातवं, ‘“लोक काय म्हणतील” हे वाक्य घरात बोललं जाणार नाही’. बारावं, ‘महिन्यातून एक किल्ला’. आणि सतरावं, ‘त्याला माझी भीती वाटता कामा नये’.

मोजून पाहिलं. सतरापैकी अकरा कलमं ‘नाही’वर संपतात, आणि त्या एकेका ‘नाही’पुढे अण्णा उभे आहेत. ही यादी तू बाळासाठी केलीयस असं तुला वाटतं, पण अर्ध्याहून जास्त कलमं अण्णांना दिलेली उत्तरं आहेत, तेव्हा द्यायची राहून गेलेली. ती द्यावीशी वाटणं चुकीचं नाही. फक्त ती बाळाच्या नावावर टाकू नकोस. त्या बिचाऱ्याने अण्णांना अजून पाहिलेलंसुद्धा नाही.

सतराव्या कलमाची भाषा तर पुन्हा एकदा मोठ्याने वाच. ‘भीती वाटता कामा नये.’ कुणी कुणाला सांगितलं हे? वर्गात फळ्यापाशी उभं राहून सांगितल्यासारखं आहे. पोराने काय वाटून घ्यायचं याचाही हुकूम तू आधीच काढून ठेवलायस. गुरुजींचा मुलगा शोभतोस खरा.

आता बायकोच्या प्रश्नाकडे येते, कारण तुझ्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य तिचं आहे. तिने ते भांडायला म्हणून विचारलं नसावं.

तुझ्या यादीतलं मूल पाच वर्षांच्या पुढचं आहे. त्याला मार्क मिळतात, ते किल्ल्यावर चढतं, रात्री गोष्ट ऐकून झोपतं. येणार आहे ते अडीच-तीन किलोचं, मानसुद्धा न धरणारं. त्याला दर दोन-तीन तासांनी भूक लागणार, दूध प्यायल्यावर ढेकर काढावी लागणार, रात्री तीनला ते कशासाठी रडतंय हे कुणालाच कळणार नाही. त्या बाळाविषयी तुझ्या यादीत एक अक्षर नाही. म्हणजे पहिली पाच वर्षं कुणाच्या तरी खात्यावर तू गृहीत धरलीयस, आणि ते खातं कुणाचं हे तिला वाचता वाचताच कळलं.

तू आकड्यांतला माणूस आहेस, तर तिच्या बाजूचं गणित एकदा मांडून बघ. २०१७पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आठवा लागताच ती कऱ्हाडला गेली, तर ते आठ तिथेच संपले. उरले अठरा. म्हणजे बाळ चार महिन्यांचं झालं की तिची बँक सुरू. डॉक्टर सांगतात पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. मग मधले दोन महिने काय? दूध काढून ठेवायचं, ते फ्रीजमध्ये कसं ठेवायचं, किती वेळ चालतं, पाजायचं कुणी? पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय द्यावी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, असं त्याच कायद्यात आहे. तिच्या ऑफिसात ते आहे का, नुसतं कागदावर आहे, की तिची शाखाच वीस माणसांची आहे? हे तू विचारलंयस कधी? तिने विचारलंय, याची मी पैज लावते. बहुतेक तिची यादी तिच्या डोक्यात आहे, तुझ्यापेक्षा मोठी, आणि तिला अजून कुणी ‘दाखव’ म्हटलेलं नाही.

आता तुझ्या पाच दिवसांचं. सरकारी नोकरीत, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना, बापासाठी १५ दिवस आहेत. खासगीत कायद्याने काहीच नाही, तेव्हा कंपनी पाच देते तर पाच. पण ते सगळे कऱ्हाडला घालवू नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तिथे तिची आई असणार, मामी असणार, मालिश करायला बाई येणार, शेजारच्या दोघी रोज डोकावणार. त्या घरात जावयाचं काम काय, तर बाहेरच्या खोलीत बसून पोहे खायचे आणि दवाखान्याची बिलं भरायची. बाळ झालं की दोन दिवस जा, जरूर जा. तीन राखून ठेव. दीड-दोन महिन्यांनी ती बाळाला घेऊन चिंचवडला येईल. पहिल्या सोमवारी सकाळी सासूबाईंची गाडी परत निघेल, आणि त्या फ्लॅटमध्ये ती, बाळ आणि कुकरची शिट्टी एवढंच उरेल. ते तीन दिवस त्या सोमवारपासून घे. मी तीस वर्षं बालवाडी चालवली. ‘सगळ्यात एकटं कधी वाटलं’ असं विचारलं की कित्येक आयांनी मला बाळंतपणाची रात्र नाही, हीच सकाळ सांगितलीय.

*

आता हाताविषयी.

बालवाडीत मी दुसऱ्यांच्या पोरांवर कधी आवाज चढवला नाही. लोक नाव घ्यायचे. आणि घरी काय, ते ऐक.

मुलगा चौथीत होता. तेव्हा चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा असायची, आणि तो बसलाच पाहिजे असं मी ठरवून टाकलं होतं. त्याला वेड होतं एसटीचं. दिवसभर एसटी काढायचा, अगदी पुढची ‘स्वारगेट–सातारा’ पाटी, मागची शिडी, टपावरची कोंबड्यांची पाटी, सगळं. एक दिवस संध्याकाळी मी त्याला भागाकाराची वीस गणितं घालून स्वयंपाकाला लागले. अर्ध्या तासाने येऊन बघते तर गणितं तीन, आणि भागाकाराच्या वहीत दोन पानं आडवी धरून ही लांब एसटी. त्याच क्षणी आत दूध उतू गेलं. मी वही घेतली आणि ती दोन पानं टराटरा फाडली. चार तुकडे केले.

मारलं नव्हतं हं. दिनदर्शिकेच्या मागच्या यादीतलं ‘मारणार नाही’ मी तंतोतंत पाळलं होतं.

तो रडला नाही. खाली बसून तुकडे गोळा केले आणि कंपासपेटीत भरले. पेटी बंद होईना, तर वर अंगठा दाबून धरला. त्या अंगठ्याचं नख पांढरं झालेलं मला अजून दिसतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी गव्हाच्या पिठाची खळ केली. त्याला म्हटलं, ये, चिकटवू. पुढचं चाक काही सापडलं नाही, ते दुसऱ्या दिवशी शेगडीखाली मिळालं. चिकटवता चिकटवता मी म्हटलं, ‘गणितं राहिली ते वेगळं. वही फाडायची नव्हती, ते चुकलं माझं.’ तर त्याने विचारलं, ‘मग का फाडलीस?’ म्हटलं, राग आला. ‘माझा?’ आता काय सांगणार. म्हटलं, दुधाचा, आणि तुझ्या बाबांना यायला उशीर झाला त्याचा, आणि थोडा तुझा. ‘थोडा किती?’ म्हणाला.

मागच्या वर्षी त्याला विचारलं, आठवतं का रे ते? म्हणाला, ‘आठवतं ना. नंतर त्या वहीला मुंग्या लागल्या.’ फाडलेलंही आठवतं, खळही आठवते. मी आपली वाट बघत होते की आता म्हणेल, जाऊ दे गं आई, त्यात काय. तसं काही तो म्हणाला नाही. चहा मागितला.

हे सांगितलं कारण तू विचारतोस, हात वर जाणाऱ्याने यादी का करावी. माझे मिस्टर पिंपरीला एका कारखान्यात होते, त्यामुळे तुमची भाषा माझ्या कानांवरून गेलीय. शॉपमध्ये मोठा फलक असतो ना, ‘झिरो डिफेक्ट’? आणि त्याच फलकाखाली रिवर्कचं, म्हणजे चुकलेला माल दुरुस्त करायचं, टेबल असतं. तिथे माणूस बसवलेला असतो, त्याला पगार असतो, हत्यारं असतात. तुझ्या यादीत फलक आहे, टेबल कुठेच नाही. चूक झाल्यावर काय करायचं, याचं एक कलम नाही. म्हणूनच एकदा हात वर गेला आणि तुला वाटलं सगळा लॉट रिजेक्ट.

अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७०च्या दशकात तान्ह्या बाळांवर एक प्रयोग केला होता. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग सांगितल्याप्रमाणे दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा करते. हसायचं नाही, बोलायचं नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, शेवटी मान फिरवून रडतं. मग आई पुन्हा नेहमीसारखी होते. या प्रयोगाचा रडका भागच सगळीकडे सांगतात, आणि आयांच्या पोटात गोळा येतो. मला त्यांचं पुढचं म्हणणं जास्त कामाचं वाटतं. एरवीच्या साध्या खेळातही आई आणि बाळ सारखे सुरात नसतातच. सूर सुटतो, परत लागतो, परत सुटतो. आणि सुटलेला परत लागतो हे कळण्यातूनच बाळ सावरायला शिकतं.

तेव्हा माझा तुला एकच प्रश्न. भाच्याशी नंतर काय बोललास?

पत्रात तुझा हात आहे, तुझा आवाज आहे, अण्णा आहेत, तुझी भीती आहे. तो पोरगा मात्र अजून कपाटालाच चिकटलेला आहे, त्याला तिथून कुणी हलवलंच नाही. तू पत्र लिहीपर्यंत त्याची सुट्टी संपून तो घरी गेलाही असेल. फोन कर. बहिणीला नको, त्याला. पाच वर्षांच्या मुलाला लांबलचक माफी कळत नाही, आणि ‘सॉरी, पण तू बघून ग्लास धरायला हवा होतास’ अशी ‘पण’वाली तर त्याला लगेच कळते. एवढंच म्हण, ‘त्या दिवशी सरबत सांडलं तेव्हा मामा ओरडला. सरबत सांडतंच. ओरडायला नको होतं.’ तो बहुधा म्हणेल, ‘आमच्याकडे नवीन सायकल आणलीय.’ मग सायकलविषयी विचार.

आणि हात वर जातो तेव्हा आधी काय झालेलं असतं हे लिहून ठेव. तुमच्याकडे ‘व्हाय-व्हाय’ करता ना, का-का-का विचारत मुळापर्यंत? ते भाच्याचं कर. लॅपटॉप बिघडला म्हणून? तो कंपनीचा होता म्हणून? सोमवारी साहेबांना काय सांगायचं म्हणून? रात्रपाळी झाली होती का, जेवला होतास का? माझ्या अंदाजाने तिसऱ्या ‘का’लाच साहेब निघतील. बाळ आल्यावर झोप मोडणार, दोघांचीही, आणि झोप मोडलेल्या माणसाचं डोकं कधी फिरतं हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. तशी वेळ आली, की बाळाला पाळण्यात नीट ठेवायचं, दाराबाहेर जिन्यात जाऊन उभं राहायचं, आणि बायकोला सांगून जायचं. पाच मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. रागात गदागदा हलवल्याने मात्र होतं, तान्ह्याच्या मेंदूला कायमची इजा होते. हे सगळ्या बापांना, आणि आयांनाही, दवाखान्यातून निघताना कुणीतरी सांगायला हवं. कुणी सांगत नाही.

*

अण्णांचं.

‘त्यांच्या मनात प्रेमच होतं’ असं मी लिहिणार नाही. तुझी आई ते म्हणत होती, आणि बिचारी दुसरं काय म्हणणार होती? इतरांची आयुष्यं त्यांनी घडवली असतील, गावचे लोक खोटं बोलत नसतील. पण तुला पडलेली ती दुसरी छडी काही तुला घडवायला नव्हती. गावात नाक वर राहावं म्हणून होती. तुझं सातवं कलम आठव. ‘लोक काय म्हणतील’ हे अण्णा तोंडाने म्हणत नसतील, तुझ्या पाठीवर लिहीत होते. (आणि जाता जाता, महिन्याला एक किल्ला हे कुणासाठी रे? पोराला घरात बसून डबे रचायला आवडलं तर चालेल ना?)

त्यांना नाही म्हणू का, तर हे ठरवण्यात पहिला आवाज बायकोचा. बाळंतीण ती आहे, घर तिचंही आहे, सासऱ्यांसमोर पदर-ओढणी सांभाळत दूध पाजायचं तिला आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट असेल तर पहिले तीन-चार महिने अण्णांनी येऊन जाऊन राहावं, कायमचं नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिचं वेगळं असेल तर तिचं चालेल. दुपारी घरात कुणीतरी आहे याचाही आधार असतो.

काय ते ठरलं की अण्णांना तू सांगायचंस. बहिणीकरवी नाही, व्हॉट्सअॅपवर नाही. गावी जाऊन, त्यांच्यासमोर बसून. ‘अण्णा, या, नातवंडाला खेळवा. आमच्या घरात त्याला कुणी मारणार नाही, कुणी अक्कल काढणार नाही. मीसुद्धा नाही.’ हे ‘मीसुद्धा’ विसरू नकोस. ते म्हणतील, आम्ही मारलं म्हणूनच तू आज एवढा झालास. त्यावर वाद घालू नकोस. त्या वादात आजवर कुणी कुणाला हरवलेलं नाही, आणि तू तर तोंड उघडताच चौथीतला होशील.

त्यापेक्षा एक गोष्ट विचार. ते ७१चे, म्हणजे ५८ला निवृत्त झाले असतील तर साधारण २०१२च्या आसपास. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना मारायलाच काय, मनाला लागेल असा छळ करायलाही बंदी आली. (सतरावं कलम. तुझ्याही यादीत भीतीचं कलम सतरावंच आहे, मला हसू आलं.) म्हणजे तीस-बत्तीस वर्षं छडी वापरलेल्या माणसाला शेवटची दोन वर्षं छडीशिवाय वर्ग चालवायचा होता. त्यांना विचार, ‘अण्णा, ती दोन वर्षं कशी काढलीत?’ टोमणा म्हणून नको, खरंच विचार. त्या काळातले शिक्षक मी जवळून पाहिलेत. कुणी छडी कपाटावर टाकली आणि तिथे धूळ बसू दिली. कुणाची छडी गेली आणि जीभ धारदार झाली. एक जण मला म्हणाले होते, ‘बाई, हात नुसता ठेवायचा कुठे तेच समजत नव्हतं, म्हणून खिशात घालायला लागलो.’ अण्णा यातले कुठले, तुला माहीत नाही. कदाचित ते म्हणतील, ‘कसला कायदा, आम्ही कुठे पाळला.’ मग तेही कळेल, आणि बाळाला त्यांच्याजवळ किती वेळ एकटं ठेवायचं हा निर्णय सोपा होईल.

शाळेला कायदा आला, घराला आपल्याकडे तसा नाही. स्वीडनने १९७९ साली घरातल्या मारालाही बंदी घातली. आपल्या घरात ती ज्याची त्याने घालायची.

*

गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका होऊन गेले. मूळचे वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि याला वाढवायचं कसं, शिकवायचं कसं, या प्रश्नाने ते असे काही पछाडले की पुढे वकिली सुटली, आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर काढलं. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्यासोबत तिथे काम करून आल्या, नंतर बोर्डीला आणि कोसबाडला अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी आदिवासी मुलांच्या दारात बालवाडी नेली. आम्ही बालवाडीवाल्या बायका त्याच झाडाच्या फांद्या. तर या गिजुभाईंना भरघोस मिशा होत्या, आणि त्यांचं नाव पडलं ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई. मला हे नाव फार आवडतं. न मारणारे मास्तर तेव्हाही थोडे का होईना असतील, त्यांना कुणी आई म्हटलं नाही. हे जमिनीवर बसून पोरांना गोष्टी सांगायचे, पोरांच्यात असायचे.

यादी पुसू नकोस. मोबाइल बायकोच्या हातात दे आणि म्हण, खोड तुला हवं ते, लिही तुला हवं ते. ती कऱ्हाडला जायच्या आत दे, आणि ती लिहीत असताना खांद्यावरून वाकून वाचू नकोस.

आणि कऱ्हाडला पहिल्या खेपेला जाशील तेव्हा बाहेरच्या खोलीत बसू नकोस. नाळ पडेपर्यंत बहुतेक डॉक्टर बाळाला नुसतं पुसून घ्यायला सांगतात. त्यानंतरच्या एखाद्या रविवारी सासूबाईंना म्हण, ‘आई, मला अंघोळ घालायला शिकवा.’ हसतील. मालिशवाली बाई तर पदर तोंडाला लावून हसेल, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी जाईल. जाऊ दे. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची. बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं, हनुवटीखाली आपला तळहात. पाणी नाकातोंडात जाऊ द्यायचं नाही. नंतर धुरी द्यायला निघतील तेव्हा नको म्हण, तान्ह्या छातीला धूर बरा नाही. पण नरमाईने म्हण, पाहुणा आहेस. आणि पाणी कोमट आहे का ते कोपर बुडवून बघायचं, हाताने नाही. काम करून हात राठ झालेले असतात, त्यांना चटका कळत नाही.

– मावशी